दिवा लागतो, बॅटरी भरत नाही

"मम्मी, परत सात टक्क्यांवर आलाय गं!" आतल्या खोलीतून लेकीची हाक आली आणि माझ्या हातातली भाकरी तव्यावर तशीच राहिली. दिवस शनिवारचा, महिना जुलैचा. बेळगावचा पाऊस आपल्याला काही नवा नाही. एकदा धरला की आठ-आठ दिवस सोडत नाही आणि दर तासाला करंट जातो. सोमवारी सकाळी अकरा वाजता तिची नोकरीची मुलाखत होती, तीही लॅपटॉपवरच. करंट गेला आणि बॅटरीत जीव नसला, तर समोरच्या साहेबांना काय सांगायचं?

लॅपटॉप २०२२ साली भिशीचे पैसे उचलून घेतलेला. चार्जर लावला की त्याच्या डबीवरचा दिवा लागायचा, लॅपटॉपही चालायचा. पण कोपऱ्यातल्या बॅटरीच्या चित्रावर बोट नेलं, की 'प्लग लावलेला आहे, चार्ज होत नाही' असं इंग्रजीत उमटायचं. शिवाय यंत्र कमालीचं संथ झालं होतं. लेक नेटला शिव्या घालत होती आणि मी लेकीला. "रात्रंदिवस सिनेमे बघितलेस की असंच होणार," हे माझं वाक्य त्या आठवड्यात निदान दहा वेळा तरी झालं असेल.

दुपारीच आम्ही एका दुकानात जाऊन आलो होतो. तिथल्या पोराने चार्जरच्या टोकाला मीटर लावला, मान हलवली, लॅपटॉप उघडला आणि सांगितलं, "मदरबोर्ड गेलाय. चौदा हजार होतील. आठ दिवस ठेवून जा." चौदा हजार! आरडी मोडायची की काय, यावर आम्हा नवरा-बायकोची कुजबूज चालली असताना सासूबाई जपमाळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "वायर नोडिदेनू?" वायर बघितलीस का म्हणे. त्यांचं माहेर बैलहोंगलकडचं. घरात मराठी कितीही चालली, तरी महत्त्वाचा प्रश्न त्या कन्नडमध्येच विचारतात. त्यांचा ट्रान्झिस्टर दुरुस्त करणारे एक अण्णा शहापुरात आहेत, हल्ली ते लॅपटॉपही बघतात. त्यांच्याकडे जा, असा हुकूम झाला.

अण्णांनी स्क्रू ड्रायव्हरला हातसुद्धा लावला नाही. "मोदल चार्जर कोड्री," म्हणाले. मग चार्जर लावून लॅपटॉप सुरू केला. पडद्यावर दोन-तीन इंग्रजी ओळी आल्या. लेकीने सवयीने एंटर दाबायला बोट पुढे केलं, तसं अण्णांनी तिला थांबवलं. "हे काय लिहिलंय, वाच की."

"ते रोजच येतं, अण्णा. एंटर दाबलं की जातं."

लिहिलं होतं, 'अॅडॉप्टरचा प्रकार ओळखता येत नाही. बॅटरी चार्ज होणार नाही, यंत्र हळू चालेल.' म्हणजे लॅपटॉप बिचारा पंधरा दिवस आपलं दुखणं स्वतःच्या तोंडाने सांगत होता, आणि आमच्या घरात एवढे शिकलेले लोक असून कुणी ते वाचलं नव्हतं!

अण्णांनी फळीवरून त्याच कंपनीचा दुसरा चार्जर काढून लावला. ओळी आल्या नाहीत, बॅटरी भरायला लागली. "बोर्ड एनू आगिल्लरी," अण्णा म्हणाले. बोर्डाला काही झालेलं नाही. मी तिथल्या स्टुलावर बसलेच.

मग त्यांनी आमच्या चार्जरचं टोक उजेडात धरून दाखवलं. अशा गोल पिनेत तीन भाग असतात. बाहेरची आणि आतली कडी, या दोन्हींतून वीज जाते. मधोमध एक सुईसारखी बारीक पिन असते, तिच्यातून वीज पुरवली जात नाही, ओळख जाते. चार्जर किती वॉटचा, आपल्याच कंपनीचा की नाही, हे लॅपटॉप त्या पिनेवरून वाचतो. तिची वायर केसासारखी, त्यामुळे ती आधी तुटते. ती तुटली तरी दिवा लागतो, मीटरवर १९.५ व्होल्ट येतात, लॅपटॉप चालतो. पण चार्जर अनोळखी झाल्यामुळे तो बॅटरी भरायचं थांबवतो आणि कमी वीज खाण्यासाठी स्वतःचा वेगही घटवतो. दुकानातल्या पोराने व्होल्ट बघून चार्जरला पास केलं असणार. सगळ्या कंपन्यांत ही ओळखीची पिन नसते, पण काहींत असते.

"वायर गुंडाळतं कोण?" अण्णांनी विचारलं.

गुंडाळते मी. इस्त्रीची, मिक्सरची, तशीच लॅपटॉपचीही. रोज रात्री डबीभोवती करकचून आवळते आणि टोक शेवटच्या वेढ्यात खोचते, पसारा दिसायला नको म्हणून. टोकाशी वायर जिथे दुमडत होती, तिथेच ती आतून गेली होती. लेक माझ्याकडे बघून काहीच बोलली नाही. तिने चार बोल सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

नवा चार्जर घेतानाही अण्णांनी डबीवरची बारीक अक्षरं वाचायला लावली. आमच्या जुन्यावर १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर होतं. गुणाकार केला की ६५ वॉट. पिन बसते म्हणून ४५ वॉटचा घेतला, तर काही लॅपटॉप फार सावकाश भरतात, काही मुळीच भरत नाहीत. व्होल्ट मात्र जुळलेच पाहिजेत, अँपिअर जास्त असले तर बिघडत नाही. फुटपाथवर साडेचारशेत मिळतो तो का घ्यायचा नाही, तेही कळलं. आत ओळखीची चिप असेलच असं नाही, आणि आपल्या मानक ब्युरोच्या नोंदणीचा 'आर'ने सुरू होणारा क्रमांक अनेकदा नसतो. आम्ही मूळ कंपनीचाच आणला, अठराशे पन्नास रुपयांना. आपल्याकडे व्होल्टेज कमी-जास्त होतं, त्याला दोष द्यायचं माझ्या मनात होतं. पण डबीवर '१०० ते २४० व्होल्ट' असं छापलेलं निघालं, तीही पळवाट बंद झाली.

माझ्या भाच्याची गोष्ट याच आठवड्यातली. त्याचा लॅपटॉप ८० टक्क्यांवर थांबतो म्हणून तो नवी बॅटरी मागवायला निघाला होता. तो बिघाडच नव्हता. लिथियम-आयन बॅटरी सतत १०० टक्क्यांवर आणि गरम राहिली की लवकर म्हातारी होते, म्हणून काही कंपन्या ६० किंवा ८० वर थांबायची सोय देतात. ती कुणीतरी चालू करून ठेवली होती. त्याचा लॅपटॉप टाइप-सीवाला. तिथे मोबाइलचा २० वॉटचा चार्जर बसतो खरा, पण लॅपटॉपची भूक त्याने भागत नाही. आणि ६० वॉटच्या वर वीज न्यायला केबलही तशीच लागते, मोबाइलची पातळ केबल चालत नाही.

बॅटरी खरंच म्हातारी झालीय का, हे विंडोज स्वतः सांगतं. काळ्या कमांडच्या खिडकीत 'पॉवरसीएफजी', एक जागा सोडून तिरकी रेघ आणि 'बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजीत टाइप केलं, की एक अहवाल तयार होतो. त्यात नवी असताना किती मावत होतं आणि आज किती मावतं, हे दोन आकडे असतात. लेकीच्या बॅटरीचे ४२,००० आणि ३३,००० निघाले. तीन वर्षांनंतर ठीकच म्हणायचं.

एका गोष्टीवर मात्र अण्णा गंभीर झाले. आमच्याकडे कपाटात ह्यांचा जुना लॅपटॉप पडून आहे, त्याचं माउसपॅड वर आलंय, असं मी सहज म्हणाले. "बॅटरी फुगलीय. चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका. कचऱ्यातही टाकू नका, इकडे आणा." फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. तो लॅपटॉप मी रेशमी साड्यांखाली ठेवला होता! त्याच संध्याकाळी ह्यांनी तो रिक्षाने अण्णांकडे पोचवला, मांडीवर धरून, देवाची मूर्ती न्यावी तसा.

सोमवारी मुलाखत सुरू होऊन वीस-बावीस मिनिटं झाली असतील, करंट गेला. पंखा थांबला. आम्ही तिघं स्वयंपाकघरात श्वास रोखून उभे. ह्यांनी आधीच मोबाइलवरून नेटची सोय करून ठेवली होती, त्यामुळे मधे जेमतेम अर्ध्या मिनिटाची गडबड झाली, मग आतून लेकीचा आवाज पुन्हा सुरू झाला. मी हळूच डोकावले. कोपऱ्यात ९१ टक्के दिसत होते.

"एनात?" सासूबाईंनी हातानेच विचारलं. मी मान हलवली. त्या रात्री मी सवयीने चार्जर गुंडाळायला घेतला, तर लेकीने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि सैल वेटोळं करून खिळ्याला अडकवला.