अठ्ठावन्न टक्क्यांचा हिशेब

गडचिरोली जिल्हा झाला 1982 साली, चंद्रपूरला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आलं 1996 साली. त्यामुळे अमेरिकेतल्या बिझनेस स्कूलला अर्ज करायची भाषा इथे रुळली ती गेल्या वीसेक वर्षांत. या सगळ्या काळात एक प्रश्न मात्र पाठ सोडत नाही. ‘सर, ग्रॅज्युएशनला अठ्ठावन्नच टक्के आहेत, जमेल का?’

2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ होईपर्यंत इथली महाविद्यालयं नागपूर विद्यापीठाची. साठला फर्स्ट क्लास, पंचाहत्तरला डिस्टिंक्शन, आणि इंजिनिअरिंगला साठ गाठतानाच दमछाक. अमेरिकेत जीपीए चारपैकी मोजतात हे कळलं की मुलं अठ्ठावन्नला पंचवीसने भागायची. उत्तर 2.32. नावाजलेल्या स्कूलची सरासरी साडेतीनच्या वर दिसली की अर्ज तिथेच बारगळायचा. खरं तर या भागाकाराला काहीच आधार नाही. गुण मूळ गुणपत्रिकेत आहेत तसेच लिहा, स्वतः रूपांतर करू नका, असं हार्वर्डसारखी स्कूल सांगतात. भारतीय साठ टक्क्यांना अमेरिकी ‘ए’ श्रेणी धरणाऱ्या मूल्यमापन संस्थाही आहेत. हे इथपर्यंत पोचायला फार उशीर झाला. त्या उशिरात किती गुणी मुलं मागे राहिली, याची हळहळ आजही वाटते.

गुणपत्रिका नीट उलगडून पाहिली पाहिजे. घरी माडिया किंवा गोंडी, आश्रमशाळेत मराठी आणि इंजिनिअरिंगला एकदम इंग्रजी, अशा वाटेने आलेल्या मुलाच्या पहिल्या दोन सेमिस्टरना पंचेचाळीस टक्के, गणितात एटीकेटी असते. शेवटच्या वर्षाला तोच अडुसष्टवर गेलेला असतो. सरासरी अठ्ठावन्न दिसते, पण चढण त्या सरासरीत दिसत नाही. ती सांगावी लागते. अर्जात त्यासाठी ऐच्छिक निबंधाची जागा असते. आपली मुलं तिथे ‘घरची परिस्थिती बेताची होती’ एवढं लिहून थांबत. आता जी सावध झाली आहेत ती लिहितात की कोणता विषय का राहिला, नंतर काय केलं आणि आज गणित येतं याचा पुरावा काय.

पुरावा म्हणजे जीमॅट किंवा जीआरई. त्यातला गणिताचा भाग चांगला गेला की जुन्या एटीकेटीचं वजन कमी होतं. 2014 पासून हार्वर्डचा ‘कोअर’ हा ऑनलाइन अभ्यासक्रमही आहे. अर्थशास्त्र, हिशेबशास्त्र आणि व्यवसायातलं आकडेशास्त्र शिकवून तो श्रेणी देतो. 2020 च्या टाळेबंदीत जीआरई आणि जीमॅट घरून देता येऊ लागल्या, पण भामरागडच्या नेटवर्कवर कोण भरवसा ठेवणार? परीक्षेसाठी शहर गाठणं काही चुकलं नाही.

अनुभवात मात्र आपली मुलं कमी नाहीत. दुर्गापूरच्या वीजकेंद्रात किंवा वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) खाणीत रात्रपाळी सांभाळणाऱ्या पंचविशीतल्या इंजिनिअरने माणसं हाताळलेली असतात, अपघात टाळलेले असतात. हे अर्जात लिहिण्यासारखं आहे, असं त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

अमेरिकेची वाट इथून कुणी चाललं नाही असंही नाही. कुरखेडा तालुक्यातल्या चिरचाडीचे डॉ. भास्कर हलामी कसनसूरच्या आश्रमशाळेत शिकले, गडचिरोलीत बी.एस्सी. झाले आणि पुढे मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करून अमेरिकेत शास्त्रज्ञ झाले. लहानपणी मोहाची फुलं शिजवून दिवस काढल्याचं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. त्यांचा विषय रसायनशास्त्र; व्यवस्थापनाच्या वाटेवर असं ठळक नाव अजून आपल्याकडे नाही.

बाबासाहेबांना मॅट्रिकला 750 पैकी 282 गुण होते. सयाजीराव गायकवाडांनी शिष्यवृत्ती दिली आणि 1913 मध्ये ते कोलंबियाला गेले. 16 ऑक्टोबर 1956 ला त्यांनी याच चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, धम्मदीक्षा दिली. ज्या गावात त्यांच्या नावाचं कॉलेज उभं आहे, तिथल्या मुलाला अठ्ठावन्न टक्क्यांची लाज वाटावी याचं मला वाईट वाटतं. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती 2003 पासून आहे. 2024 मध्ये तिला 75 टक्क्यांची अट लावली गेली. विद्यार्थी विरोधात उभे राहिले आणि ती मागे घ्यावी लागली. ती टिकली असती तर बाहेरच्या स्कूलने नाकारण्याआधी आपणच नाकारलं असतं.

आता अडतं ते शिफारसपत्रापाशी. ‘हुशार, मेहनती, वर्तणूक चांगली’ एवढ्या तीन ओळी लिहून साहेब सही करतात. मुलाने कुठला बिघाड कसा सोडवला हे साहेबांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, आणि पत्रात नेमकं तेच नसतं. मुलांनी साहेबांपुढे बसावं, प्रसंगांची आठवण करून द्यावी आणि पत्रासाठी पुरेसा वेळ मागून घ्यावा.