टेकडी राखायची, पण पैसा कुठून?

शहरातल्या एखाद्या टेकडीवर किंवा तळ्याकाठी कोणते पक्षी, फुलपाखरे, गवते आहेत, याच्या याद्या आम्ही संशोधक मंडळी हौसेने करतो. पण ती जागा टिकवायला पैसा किती लागेल व तो कोण देणार, हा प्रश्न बहुधा महापालिकेवर सोडून देतो. खरे तर तोही परिसर अभ्यासाचाच भाग आहे.

या कामाला दोन प्रकारचा खर्च येतो. जागा मिळवणे, कुंपण घालणे, सांडपाणी वळवणे हा एकदाच होणारा, पण मोठा खर्च. वणवा रोखणे, घाणेरीसारखी उपद्रवी झुडपे काढणे, राखणदाराचा पगार हा लहान, पण कधीच न संपणारा खर्च. पैसा उभा करण्याची साधने याच कसोटीवर तपासायला हवीत.

पहिले साधन कराचे. महाराष्ट्रात नागरी भागातील झाडांसाठी १९७५ साली कायदा झाला. त्यात वृक्ष प्राधिकरणाची व वृक्ष उपकराची तरतूद आहे. हा पैसा घरपट्टीबरोबर दरवर्षी येतो, म्हणून देखभालीला सोयीचा. उणीव एवढीच, की तो झाडांसाठी आहे. गवताळ माळावर दाट झाडे लावली, तर तिथले मूळचे जीव हटतात!

दुसरे साधन विकासहक्काचे. पुण्याच्या हद्दीत १९९७ साली आलेल्या गावांतील टेकड्या जैवविविधता उद्यानासाठी राखून ठेवल्या गेल्या. जमीन बरीचशी खाजगी. ती रोखीने विकत घेणे महापालिकेला झेपणारे नव्हते. म्हणून २०१५ साली राज्य शासनाने मोबदल्यात ८ टक्के टीडीआर देण्याचे ठरवले. म्हणजे टेकडीवरील १०० चौरस मीटर जमीन दिली, तर अन्यत्र ८ चौरस मीटर बांधकामाचा हक्क. यात तिजोरीतून रोख रक्कम जात नाही. पण अनेक मालकांना हा मोबदला अपुरा वाटतो. आणि जागा हाती आली, तरी राखणदाराचा पगार त्यातून निघत नाही.

तिसरे साधन कर्जाचे. उत्तर प्रदेशातील गाझियाबाद महापालिकेने २०२१ साली हरित कर्जरोखे काढून १५० कोटी रुपये उभे केले. त्यातून सांडपाणी शुद्ध करून ते पाणी कारखान्यांना विकण्याची योजना होती. विक्रीचे पैसे येणार, म्हणून कर्ज फेडता येणार. पण फुलपाखरांचे बिल कोणाला पाठवायचे? त्यांच्यासाठी काढलेले कर्ज शेवटी करातूनच फेडावे लागते.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि स्थानिक जैवविविधता निधी यांची सोय केली. व्यापारासाठी वनस्पती वगैरे गोळा करणाऱ्यांकडून समिती शुल्क घेऊ शकते. शहरात असे गोळा करणारे थोडेच. तेव्हा हा निधी भरायचा, तर अंदाजपत्रकातच दरवर्षी तरतूद हवी.

सारांश असा, की टीडीआर जागा मिळवून देईल, कर्ज बांधकाम करून देईल. पण टेकडी जिवंत ठेवतो तो दरवर्षी न चुकता येणारा लहानसा पैसा. उद्घाटन थाटात होते आणि चौथ्या वर्षी कुंपण मोडते, ते या पैशाअभावी.

वर्गात एक उपक्रम करता येईल. विद्यार्थ्यांना घरपट्टीचे बिल आणायला सांगा, त्यात झाडांसाठी किती रक्कम आहे ते शोधू द्या. मग महापालिकेच्या अंदाजपत्रकात नव्या उद्यानांना किती व जुन्यांच्या देखभालीला किती, याची तुलना करू द्या. आपल्या गावाची टेकडी टिकेल की नाही, याचे उत्तर पुष्कळदा त्या दोन आकड्यांत सापडेल.