मेंढा काही वीत नाही

आषाढवारीत तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरच्या वाटेला लागली की काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं. पालखीभोवती धावणारी ही दख्खनी मेंढी काटक, पण वेताला बहुधा एकच कोकरू देणारी.

नीरेपलीकडे फलटणला, १९६८ साली स्थापन झालेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत, नव्वदच्या दशकात सुंदरबनातली गरोळ मेंढी आली. अंगाने लहानखुरी, पण जुळी-तिळी देणारी. डॉ. चंदा निंबकर यांच्या पुढाकाराने तिचा हा गुण दख्खनीत उतरवण्याचं काम सुरू झालं. गुण कुठल्या पिल्लात उतरला, हे मात्र दिसत नसे. मेंढा काही वीत नाही. त्याच्या मुली वयात येऊन विईपर्यंत थांबायचं, म्हणजे दोन-तीन वर्षं गेली!

२००१ मध्ये परदेशातल्या तीन गटांनी ऑस्ट्रेलियाच्या, अशाच जुळी-तिळी देणाऱ्या बुरूला मेरिनो मेंढीचं कोडं सोडवलं. एका जनुकात ७४६व्या जागी ‘ए’ऐवजी ‘जी’, बस्स. पुढच्याच वर्षी गरोळमध्येही नेमका हाच बदल असल्याचं प्रसिद्ध झालं.

आता प्रश्न होता, रक्ताच्या थेंबातून हे एक अक्षर वाचायचं कसं? अॅव्हा-टू हे विकर डीएनए ठरावीक अक्षरक्रमावरच कापतं आणि नुसत्या या बदलाने तो क्रम पुरा होत नाही. मग पीसीआरने डीएनएच्या नकला काढताना सुरुवातीला चिकटणाऱ्या छोट्या तुकड्यात, म्हणजे प्रायमरमध्येच, मुद्दाम एक अक्षर चुकीचं घातलं गेलं. त्यामुळे बदललेल्या प्रतीत विकराला हवी ती जागा तयार होते: १९० अक्षरांचा तुकडा १६० आणि ३० असा तुटतो. साधी प्रत अखंड राहते. चूक करून खरं वाचण्याची ही युक्ती या सगळ्या कहाणीतली सर्वांत देखणी गोष्ट म्हणावी लागेल. अॅलील-विशिष्ट पीसीआरमध्ये तर कापाकापीही नको: प्रायमरचं शेवटचं अक्षरच बदलाच्या जागी बसवतात, ते जुळलं नाही तर नकला काढणारं टॅक विकर पुढे सरकायला कुरकुरतं. तरी ते रेटून जाऊ नये म्हणून शेवटाजवळ आणखी एक विजोड अक्षर पेरतात.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साथीने फलटणच्या कळपाची अशी तपासणी झाली आणि त्यातून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी उभी राहिली. बदललेल्या जनुकाची एक प्रत असली तर बऱ्याचदा जुळी. दोन असल्या तर तिळीही होतात, आणि वाड्याबरोबर रानोमाळ फिरणाऱ्या मेंढीला तिघांपुरतं दूध कुठलं? म्हणून दोन प्रतींचा मेंढा साध्या दख्खनी कळपात सोडायचा. त्याच्या प्रत्येक कोकराला नेमकी एकच प्रत मिळते.