नाटकांच्या जुन्या कॅसेट संगणकात कशा उतरवाव्यात?

गोव्यात जत्रेनिमित्त होणाऱ्या मराठी नाटकांची चित्रणे आजही अनेक घरांत व्हीएचएस कॅसेटमध्ये पडून आहेत. दमट हवेत फितीला बुरशी लागते. शिवाय जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबविल्याने नवे व्हीसीआरही मिळत नाहीत.

व्हीसीआर कॅप्चर कार्डाला जोडला की अ‍ॅनालॉग संकेताचे अंकीय माहितीत रूपांतर होते. ती फाइलमध्ये नोंदविण्याचे काम ‘एफएफएमपेग’ ही मोफत प्रणाली करते. फाब्रिस बेलार्ड यांनी ती २००० मध्ये सुरू केली. तिला बटणे नाहीत. आज्ञा टंकित करावी लागते. प्रथम चित्र व ध्वनीचा स्रोत, मग कोडेक आणि शेवटी फाइलचे नाव, असा तिचा क्रम असतो. भारतातील पाल पद्धतीचे आकडे, म्हणजे ७२० बाय ५७६ बिंदू व सेकंदाला २५ चौकटी, स्रोताच्या नावाआधीच लिहावेत; नंतर लिहिल्यास ते स्रोताऐवजी तयार होणाऱ्या फाइलला लागू होतात.

‘एफएफव्ही१’ कोडेक निवडल्यास चित्राचा कोणताही तपशील गळत नाही. मात्र तासाभराच्या चित्रणाला अनेक गिगाबाइट जागा लागते. जीर्ण फीत दुसऱ्यांदा चालेलच असे नाही. म्हणून आधी एखाद्या बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर दहा सेकंदांची चाचणी घ्यावी. बुरशी लागलेली फीत स्वच्छ केल्याविना व्हीसीआरमध्ये घालू नये.