उंदराच्या पायात काजवा

उंदराचंही सीटी स्कॅन काढतात, हे सांगितलं की मित्रमंडळी आधी हसतात. मग ठरलेला प्रश्न : 'मशीन केवढं असतं?' टेबलावर मावेल एवढंही असतं. नजर मात्र हॉस्पिटलातल्या मशीनपेक्षा कितीतरी तीक्ष्ण. उंदराच्या हाडातली जाळी आपल्या केसापेक्षा बारीक असते. मायक्रो-सीटी १० मायक्रॉनच्या आसपासचे बारकावे टिपतं, म्हणून ती दिसते.

ही जाळी बघायची कशाला? स्तनाचा कॅन्सर पसरतो तेव्हा अनेकदा हाडांत जाऊन बसतो. तिथे तो स्वतः हाड कुरतडत नाही. हाड झिजवणाऱ्या आपल्याच पेशींना, ऑस्टिओक्लास्टना, फितवतो. हाड विरघळलं की त्यात साठलेली वाढीची द्रव्यं मोकळी होतात आणि गाठीलाच पोसतात. गाठ वाढली म्हणून हाड झिजतं, हाड झिजलं म्हणून गाठ वाढते.

हे चक्र तोडणारं औषध शोधायचं, तर दोन्ही गोष्टी एकाच उंदरात बघायला हव्यात. सीटीत हाड छान दिसतं, पण त्यातली कोवळी गाठ दिसत नाही. इथे काजवा मदतीला येतो! काजव्याला चमकवणाऱ्या ल्युसिफरेजचं जनुक कॅन्सरच्या पेशींत आधीच घालून ठेवतात. मग उंदराला ल्युसिफेरिन टोचायचं, भूल द्यायची आणि १०-१५ मिनिटांनी काळोख्या पेटीत कॅमेऱ्याखाली ठेवायचं. गाठ असेल तिथे उजेड. काळे केस हा उजेड गिळतात, म्हणून बिनकेसाचे उंदीर सोयीचे. लहान प्राण्यांच्या इमेजिंगची सोय आपल्या खारघरच्या ॲक्ट्रेकमध्येही आहे.

पूर्वी दर टप्प्याला काही उंदीर मारून त्यांची हाडं कापून बघावी लागत. आता तोच उंदीर पुन्हा पुन्हा बघता येतो, त्यामुळे उंदीर कमी लागतात. शेवटी त्यांनाही बहुतेकदा मारतातच, ते लपवण्यात अर्थ नाही.

दोन्ही चित्रं का लागतात? झोलेड्रॉनिक ॲसिडसारखं औषध ऑस्टिओक्लास्टना आवरतं. सीटीत हाड शाबूत दिसतं, आपण खूश. पण हाड वाचलं म्हणजे गाठ मेली असं नाही. ती चमकतेय का, हे दुसरा कॅमेराच सांगतो. आणि सीटीही ऊठसूट काढता येत नाही. क्ष-किरणांचा डोस जास्त झाला, तर गाठ त्यानेच आक्रसायची आणि श्रेय मात्र औषधाला जायचं!