अंगठा, अर्ज आणि माणूस

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातली पहिली आधार कार्डे देण्यात आली आणि शहादा तालुक्यातले हे आदिवासी गाव देशभर गाजले. दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांच्या प्रतिमा आणि बारा आकडे, एवढ्यावर माणूस ओळखला जाऊ लागला. याच जिल्ह्यात, गुजरातच्या सीमेला लागून, अक्कलकुवा तालुका आहे. तिथल्या डोंगरातली माणसे त्याआधी कितीतरी वर्षे सरकारला आपली ओळख पटवत होती. त्यांच्या हाती असलेले साधन म्हणजे हाताने लिहिलेला अर्ज. आपण कोण, कुणाचे, कुठल्या पाड्यावरचे, कुठली जमीन किती पिढ्या कसतो, हे या कागदांत लिहिलेले असते. महाराष्ट्राच्या इतिहासात या कागदांना मानाची जागा मिळाली पाहिजे, असे मला वाटते.

अंगठ्याचा इतिहास

१८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल हा इंग्रज अधिकारी रस्त्याच्या सामानाचा करार करत होता. कंत्राटदार राज्यधर कोनाई याने पुढे सही नाकारू नये म्हणून हर्शेलने त्याच्या पंजाचा ठसा कराराच्या पाठीमागे उमटवून घेतला. ठशावरून माणूस ओळखण्याच्या आधुनिक पद्धतीच्या इतिहासात हा प्रसंग आरंभीचा मानला जातो. ठसा आला तो अविश्वासातून.

सातपुड्याच्या पायथ्याशी अंगठ्याने मोठे नुकसान केले. सावकार कागद पुढे करी, भिल्ल शेतकरी त्यावर अंगठा देई आणि कागदात काय लिहिले आहे ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक असे. कर्ज, गहाण, खरेदीखत या वाटांनी जमिनी हातच्या गेल्या. १९७०च्या दशकाच्या आरंभी शहादा-तळोदा भागात आदिवासी नेते अंबरसिंग महाराज आणि त्यांच्याबरोबर उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेने या जमिनी परत मिळवण्यासाठी लढा दिला. महाराष्ट्रात अनुसूचित जमातींना जमिनी परत देण्याचा अधिनियम १९७४चा आहे. त्या लढ्याने एक गोष्ट लख्ख केली : माणूस कागदासमोर हजर होता, एवढीच साक्ष अंगठा देतो. त्याला काय म्हणायचे होते, हे कागद वाचून दाखवल्याशिवाय आणि त्याचे शब्द त्यात उतरल्याशिवाय कळत नाही.

यादीबाहेरची माणसे

नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या बुडितात महाराष्ट्रातली ३३ गावे येतात. त्यांतली मणिबेली, धनखेडी, चिमलखेडी, सिंदुरी, बामणी, डनेल ही अक्कलकुवा तालुक्यातली, तर बरीचशी शेजारच्या अक्राणी तालुक्यातली. डिसेंबर १९७९च्या नर्मदा लवादाच्या निवाड्यात जमिनीच्या बदल्यात जमीन आणि पात्र खातेदाराला किमान दोन हेक्टर असे तत्त्व होते. सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब धरायचा होता. तरतूद उदार होती, पण खातेदार कोणाला म्हणायचे आणि सज्ञान कोण, हे कागदच ठरवणार होते.

या डोंगराळ भागातली अनेक गावे वनगावे. वर्षानुवर्षे कसलेल्या जमिनीचा सातबाराच नाही. ज्याच्या आजोबाने डोंगरउतारावर ज्वारी पेरली, तो सरकारी भाषेत 'अतिक्रमणदार' ठरला. मुलगा सज्ञान आहे हे दाखवायचे तर घरात जन्मलेल्या मुलाचा दाखला आणायचा कुठून? पुढे 'घोषित' आणि 'अघोषित' प्रकल्पग्रस्त हे शब्द या खोऱ्यात घराघरांत पोहोचले. नाव यादीत असेल तो घोषित, नसेल तो अघोषित. एकाच घरातला एक भाऊ घोषित आणि दुसरा अघोषित राहू शकत होता.

जागतिक बँकेने नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स आणि टॉमस बर्जर यांच्या स्वतंत्र समितीने १९९२ साली अहवाल दिला, तेव्हा अतिक्रमणदार म्हणवल्या गेलेल्या या शेतकऱ्यांना मिळणाऱ्या वागणुकीवर बोट ठेवले. त्या अहवालाचा आरंभच बँकेच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्राने होतो. मार्च १९९३ मध्ये धरणासाठीचे बँकेचे कर्ज थांबले. १९९४ साली ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये अशी मागणी केली. त्या मागणीच्या जाहीरनाम्याला नाव दिले 'मणिबेली'. अक्कलकुवा तालुक्यातले नर्मदाकाठचे एक गाव वॉशिंग्टनच्या टेबलावर पोहोचले, आणि त्याच वेळी खोऱ्यातली कित्येक माणसे तहसीलच्या यादीत आपले नाव शोधत होती.

म्हणून अर्ज लिहिले गेले. एका शिकलेल्या पोराने लिहायचे, बाकीच्यांनी सांगायचे, शेवटी सगळ्यांनी सही-अंगठा करायचा. कार्यालयात दिल्यावर शिक्क्याची पोच घ्यायची आणि ती जपून ठेवायची. अर्जावर निर्णय होईल तेव्हा होईल, पण आपण अमुक तारखेला इथे येऊन हे सांगितले, एवढे ती पोच सिद्ध करते. ज्याच्याजवळ दुसरा कसलाच कागद नाही, त्याच्यासाठी हा पुरावा लहान नव्हे.

पलीकडच्या काठावरचे पत्र

याच खोऱ्यात, नदीपलीकडे मध्य प्रदेशातल्या जलसिंधी गावच्या बावा महालिया यांनी १९९४ साली मुख्यमंत्री दिग्विजय सिंह यांना पत्र पाठवले. पुढे ते छापले गेले आणि दूरवर वाचले गेले. आम्ही गरीब आहोत असे तुम्ही समजता, पण आमचे काय आहे ते ऐका, अशा भूमिकेतून ते लिहिले आहे. शेत आणि शेताच्या कडेची झाडे यांची भरपाई मिळेल, पण जंगलाची, नदीची, तिच्यातल्या माशांची, देवांची आणि सोयऱ्यांची किंमत कोण लावणार, असा त्याचा सवाल आहे.

मला हे पत्र मराठी वाचकांसाठीही मोलाचे वाटते, कारण सरकारी रकान्यात न मावणारी ओळख त्यात पूर्ण उतरली आहे. रकाना विचारतो नाव, वय, क्षेत्र. पत्र सांगते की माणूस त्याच्या नदीसकट, गोतासकट माणूस असतो. छापील नमुन्यात प्रश्न दुसऱ्याचा असतो आणि उत्तराची जागाही त्यानेच आखलेली असते. पत्रात कुठून सुरुवात करायची, कशाला किती जागा द्यायची, हे लिहिणारा ठरवतो. ओळखपत्र आणि पत्र यांच्यातला खरा फरक मला इथे दिसतो.

वडीलधाऱ्यांचा शब्द

हा फरक कायद्यानेही काही प्रमाणात मान्य केला. २००६च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसणारा आदिवासी दावा करू शकतो. दाव्याची सुरुवात ग्रामसभेत होते आणि नियम १३ मध्ये पुराव्यांच्या यादीत दावेदाराव्यतिरिक्त इतर वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवलेले जबाब धरले आहेत. ज्या मुलखात वाचता न येणाऱ्यांकडून अंगठा घेऊन जमीन काढून घेतली गेली, तिथे आता म्हाताऱ्या माणसाची आठवण लिहून घेतली की ती जमिनीचा पुरावा ठरू शकते. लेखणी तीच, पण आता सांगणारा समोर बसलेला असतो आणि लिहिलेले चारचौघांत वाचून दाखवता येते.

यासाठी गावात लिहिणारे हात हवेत. २०११च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता सुमारे ६४ टक्के, राज्यात सर्वांत कमी होती. धरणग्रस्तांच्या नर्मदा बचाव आंदोलनाने १९९०च्या दशकाच्या आरंभी चिमलखेडी आणि निमगव्हाण इथे 'जीवनशाळा' नावाच्या शाळा सुरू केल्या, त्यांचे महत्त्व यात आहे. घरात पहिल्यांदाच अक्षर शिकलेले मूल स्वतःच्या गावाचा अर्ज स्वतः लिहू लागले, तर मध्यस्थाची गरज कमी होते.

जपणूक

अर्ज पाठवायच्या वाटाही बदलत आहेत. २०२५ साली टपाल खात्याची रजिस्टर पोस्ट सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. अर्ज ऑनलाइन भरले जातात आणि ठसा यंत्र वाचते. कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राला लागत नाही, हा अनुभव कामकऱ्यांना नवा नाही. सोय वाढावी, यात दुमत नाही. पण ऑनलाइन नमुन्यात कहाणीला जागा नसते, म्हणून हाताने लिहिलेले जुने कागद आता अधिक मोलाचे झाले आहेत.

हे कागद घरोघरच्या पेट्यांत आणि कार्यालयांच्या गठ्ठ्यांत आहेत. वाळवी आणि पावसाळा कोणासाठी थांबत नाहीत. ग्रामसभांनी संबंधित कुटुंबांची परवानगी घेऊन त्यांच्या प्रती काढाव्यात, जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी त्या तारखेवार लावाव्यात आणि भिल्ली-पावरीत सांगितलेले जबाब त्याच बोलीत, देवनागरीत उतरवून ठेवावेत. शाळेतल्या मुलांना पत्रलेखनाचा धडा असतोच. अक्कलकुव्यातल्या मुलांनी आपल्या आजीला विचारून पाड्याचा इतिहास पत्रात लिहिला, तर तो धडा खऱ्या कामाचा होईल. यंत्राला ठसा आणि आकडे पुरतात. आपल्या हक्काची गोष्ट मात्र माणसाला स्वतःच्या शब्दांत सांगता आली पाहिजे, आणि ती लिहून ठेवणे व जपणे ही आपल्या सगळ्यांची जबाबदारी आहे.