धागा सिल्वासाचा, चिन्ह कुणाचं?

दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासाच्या औद्योगिक वसाहतींतून पॉलिएस्टरचं सूत ट्रक भरभरून बाहेर पडतं. क्रिकेट असो की कबड्डी, आजची जर्सी बहुतेक पॉलिएस्टरचीच. घाम लवकर सुकतो हे एक कारण, दुसरं छपाईचं. सब्लिमेशन पद्धतीत नक्षी आधी कागदावर छापतात, मग सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या प्रेसखाली तो कागद कापडावर दाबतात. शाईची वाफ होते आणि रंग थेट धाग्यात मुरतो. वरून हात फिरवला तरी छपाई बोटांना जाणवत नाही. सुती कापडावर हे जमत नाही. छपाईची ही सोय नक्कल करणाऱ्यालाही लाभते.

रिलायन्सचा सुताचा कारखाना सिल्वासात आहे आणि २००८पासून मुंबई इंडियन्स संघही त्याच समूहाचा. सूत किलोवर विकतात, पण त्याच्या टी-शर्टवर संघाचं चिन्ह आलं की किंमत नुसत्या कापडाची राहत नाही. त्या चिन्हाला दोन कायद्यांचं कवच असतं. चित्र म्हणून १९५७चा कॉपीराइट कायदा आणि व्यापारातली ओळख म्हणून १९९९चा ट्रेडमार्क कायदा. ट्रेडमार्कची नोंदणी १० वर्षांची, पण फी भरून कितीही वेळा वाढवता येते. कपडे २५व्या वर्गात, खेळाचं साहित्य २८व्यात, सामन्यांचं आयोजन ४१व्यात. बनावट चिन्ह लावल्यास सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो.

खेळ मात्र कुणाच्या मालकीचा नाही, आणि मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो. २००३च्या विश्वचषकाआधी फिलिप्सने 'दिवाली मनाओ, वर्ल्ड कप जाओ' अशी जाहिरात केली. आयसीसीची कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, पण मनाई मिळाली नाही, कारण 'वर्ल्ड कप' हे शब्द सर्वांचेच. अधिकृत बोधचिन्ह उचलणं ही वेगळी गोष्ट. २०१३मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने धावसंख्येच्या माहितीवरही प्रसारकाची मक्तेदारी मान्य केली नाही. प्रक्षेपणावर प्रसारकाचा हक्क आहे आणि तो २५ वर्षं टिकतो. 'बुमराहने तीन बळी घेतले' हे सांगायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धांत आयपीएल संघांची नावं आणि चिन्हं सर्रास छापली जातात. पोरांचा उत्साह खरा असतो, पण त्या जर्सीने दुसऱ्याचाच ब्रँड मोठा होतो, याचं वाईट वाटतं. पुणेरी पलटण किंवा यू मुंबा ही नावं २०१४आधी कुणी ऐकली होती? प्रो कबड्डीने ती घरोघरी नेली. आपल्या स्पर्धेलाही स्वतःचं नाव आणि चिन्ह हवं. नमुना शोधायला लांब कशाला जायचं? वारली चित्रकला इथल्या मातीतलीच आहे.

दादरा-नगर हवेलीचा ट्रेडमार्क अर्ज अहमदाबादच्या कार्यालयाकडे जातो, उच्च न्यायालय मात्र मुंबईचं. व्यक्ती किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाला ४,५०० रुपये लागतात, मोठ्या कंपन्यांना ९,०००. पण अर्जाआधी चित्रकाराकडून चिन्हाच्या कॉपीराइटचं लेखी हस्तांतर करून घ्यायला स्पर्धा भरवणारी मंडळं हमखास विसरतात. बाहेरच्या चित्रकाराला नुसते पैसे दिल्याने कॉपीराइट मंडळाचा होतोच असं नाही. कागदावर सही हवी आणि त्यात मुदतही लिहायला हवी. मुदत लिहिली नसेल, तर कायदा ते हस्तांतर फक्त पाच वर्षांचं धरतो.